एका रकान्यात अर्धे जग

न्यू जर्सीतील कर्करोगावरच्या ज्या संशोधन गटात मी आकडेवारीचे काम करते, त्या गटाला दर वर्षी सरकारी अनुदानाच्या प्रगती अहवालासोबत एक तक्ता जोडावा लागतो. अभ्यासात किती माणसे सामील झाली, त्यांत स्त्रिया किती, कृष्णवर्णीय किती, हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाचे किती, मूलनिवासी किती आणि आशियाई किती, हे त्यात भरायचे असते. सरकारी पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना सामील करून घेतलेच पाहिजे, आणि त्यासाठी जास्त खर्च येतो ही सबब चालणार नाही, असा कायदाच अमेरिकी संसदेने १९९३ साली केला. सरकारी तक्ता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्याहून हे प्रकरण निराळे आहे, कारण हा तक्ता कुणीतरी खरोखर वाचते. आकडे कमी पडले तर ते का पडले आणि वाढवण्यासाठी काय करणार, असे लेखी विचारले जाते.

यंदा तो भरताना मात्र मी चिडले. माझा राग पूर्णपणे न्याय्य आहे असा दावा नाही, म्हणून आधी कौतुकाचे सांगते.

स्वतःच्या देशातील विषमता मोजून ती सरकारी शिक्क्यानिशी छापणे, ही गोष्ट मला इथे आल्यापासून अचंबित करत आली आहे. १९८५ साली आरोग्यमंत्री मार्गारेट हेक्लर यांच्या कार्यदलाने अल्पसंख्याकांच्या आरोग्याचा अहवाल प्रसिद्ध केला. गोऱ्यांच्या मृत्युदराशी तुलना करता दर वर्षी सुमारे ६०,००० माणसे जास्तीची मरत आहेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते आणि त्यामागच्या सहा प्रमुख कारणांत कर्करोगाचे नाव होते. चाळीस वर्षांनंतरही चित्र गोड नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण येण्याचे प्रमाण त्यांच्यात जवळपास ४० टक्क्यांनी जास्त आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाने कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट दराने मरतात. आजार कमी आणि मृत्यू जास्त, असे गणित जिथे दिसते तिथे सगळा दोष शरीराच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. निदान कधी झाले, विमा होता की नव्हता, उपचार वेळेवर सुरू झाले का, हे प्रश्न आपोआप पुढे येतात.

डेलावेअर या चिमुकल्या राज्याचे उदाहरण मी भेटेल त्याला सांगते. २००२ पासून पुढे त्या राज्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी विमा नसलेल्यांना कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, मोफत केली, कर्करोग निघालाच तर उपचारांचा खर्चही उचलला आणि रुग्णालयांत अशा परिचारिका नेमल्या की ज्या लोकांना फोन करून बोलावतील, वेळ ठरवून देतील, आदल्या दिवशीचे औषध घेतले का हे विचारतील. २००९ पर्यंत कृष्णवर्णीयांमधील तपासणीचे प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर जाऊन गोऱ्यांच्या बरोबरीला आले, आजाराच्या दरातील फरक मिटला आणि मृत्युदरातील अंतर जवळजवळ संपले. यात नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. या परिचारिकांच्या कामाची मूळ कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील शल्यचिकित्सक हॅरल्ड फ्रीमन यांची. त्यांनी ती १९९० साली आपल्या रुग्णालयात सुरू केली. आपल्याकडे हेच काम परळला ओळखीचा असलेला एखादा भाचा किंवा मेहुणा करत आला आहे, आणि ज्याला असा भाचा नाही त्याचे काय होते, हे टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावरून चाललेल्या कुणालाही सांगायला नको. अलीकडे टाटामध्येही यासाठी माणसे रीतसर प्रशिक्षित केली जातात, हेही सांगितले पाहिजे.

आता राग. तक्त्यातील 'आशियाई' या रकान्यात मी बसते, आणि माझ्यासोबत चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, पाकिस्तान, बांगलादेश आणि आणखी कितीतरी देशांची माणसे बसतात. जगाची निम्म्याहून जास्त लोकसंख्या एका चौकोनात! आपण त्या चौकोनात कसे पोहोचलो, हा इतिहासही गमतीदार आहे. भगतसिंग थिंद या शीख गृहस्थांनी नागरिकत्वासाठी आपण कॉकेशियन, म्हणजे गोऱ्यांच्याच वंशाचे असल्याचा युक्तिवाद केला आणि १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते गोरे नाहीत असा निकाल दिला. पुढे १९७० च्या जनगणनेत मात्र भारतीयांची गणती गोऱ्यांत झाली. त्यानंतर भारतीयांच्याच संघटनांनी आम्हाला वेगळे मोजा अशी मागणी केली, १९७७ च्या सरकारी वर्गवारीत भारतीय उपखंड आशियाई गटात आला आणि १९८० च्या जनगणनेत भारतीयांना स्वतःची चौकट मिळाली. म्हणजे जनगणनेला आम्ही वेगळे दिसतो. वैद्यकीय संशोधनाच्या तक्त्यात मात्र बहुतेक वेळा तीच मोठी मोट बांधलेली असते.

या मोटेमुळे काय होते? कर्करोगाच्या मृत्युदरात आशियाई गट इथल्या सगळ्या गटांत खाली दिसतो, आणि तो खाली दिसतो म्हणून त्याच्याकडे पाहण्याची निकड कुणाला वाटत नाही. पण हीच सरासरी फोडली की आतून वेगळीच माणसे बाहेर येतात. १९८८ ते १९९२ या काळातील नोंदी देशवार मांडल्या, तेव्हा व्हिएतनामी स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे ४३, म्हणजे गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे पाचपट निघाले. कोरियन लोकांत जठराचा कर्करोग जास्त. हिपॅटायटिस बी जिथे पिढ्यान् पिढ्या आईकडून बाळाकडे जात राहिला, त्या देशांतून आलेल्यांत यकृताचा जास्त. आपण भारतीय या सरासरीचे लाभार्थी आहोत, हेही कबूल करायला हवे. व्हिसाच्या चाळणीतून आलेली, शिकलेली, विमा असलेली माणसे निरोगी दिसली तर त्यात आपल्या वरणभाताचे श्रेय किती आणि चाळणीचे किती, हा प्रश्न आमच्या मंडळांच्या स्नेहसंमेलनांत सहसा कुणी विचारत नाही.

रकाना एवढा मोठा असला की त्यातल्या कुणासाठीच प्रश्न नीट लिहिला जात नाही. आमच्या नव्या अभ्यासाची प्रश्नावली माझ्याकडे आली, तेव्हा तंबाखूच्या भागात पहिलाच प्रश्न सिगारेटचा होता आणि 'नाही' असे उत्तर दिले की पुढचे सगळे प्रश्न गाळून थेट आहाराच्या भागात जायचे होते. मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या, आयुष्यभर मिश्री लावलेल्या एखाद्या आजीबाई या प्रश्नाला अगदी खरे उत्तर देतील आणि आमच्या नोंदीत तंबाखूपासून मुक्त ठरतील. इथल्या भारतीय दुकानांत गुटख्याच्या पुड्या मिळत आल्या आहेत, पानाच्या टपऱ्याही आहेत, आणि सुपारी तर आपण व्यसनात धरतच नाही. तंबाखूशिवाय खाल्लेले सुपारीचे पानही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. तरी तिला लग्नातल्या तबकातून कुणी हलवलेले नाही. तोंडाच्या कर्करोगाबाबत जगाने जे ज्ञान मिळवले, त्यातले कितीतरी आपल्या देशातील रुग्णांमुळे मिळवले. असे असताना न्यू जर्सीत, जिथे प्रत्येक चौकात आपला माणूस भेटतो, तिथे छापलेल्या प्रश्नावलीत मिश्रीला जागा नसावी, याचा मला आलेला राग मी अजून पुरता गिळलेला नाही.

हे मी बैठकीत मांडले तेव्हा एका सहकाऱ्याने, बहुधा सहजच, आपल्याकडच्या प्रयोगांचा विषय काढला. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर जो अभ्यास झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: चाचणी झालेल्या गटात ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी केवळ व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सहकाऱ्याचा मुद्दा होता की तुलनेसाठी निवडलेल्या हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवले गेले, मुंबईच्या अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता, आणि इथे असा प्रयोग कुणी करू दिला नसता.

टीका नवी नाही आणि पोकळही नाही. पण ज्या देशाने अलाबामातील टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस, मधल्या काळात पेनिसिलिन हाताशी आल्यानंतरही, न उपचारता नुसता निरखला, त्या देशातल्या टेबलाशी बसून हे ऐकताना माझा आवाज चढला. मी म्हटले की त्या गावांत तेव्हा तपासणी कुणालाच मिळत नव्हती, तुलनेच्या गटालाही नाही आणि शेजारच्या तालुक्यालाही नाही. ज्या निष्कर्षांवर आज जग एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरते, त्यांत मराठवाड्यातल्या बायकांचा वाटा आहे. हे उत्तर बरोबर होते. ते अपुरेही होते, कारण पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, तो मलाच सुचला: त्या स्त्रियांच्या जिवावर सिद्ध झालेली चाचणी त्यांच्या देशाने किती जणींना दिली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाली होती, त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी होते.

मोजण्याच्या बाबतीतही आपण रिकाम्या हाताचे नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे, बार्शीला १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण नोंदणी आहे, आणि पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त असल्याचे मुंबईने फार पूर्वी दाखवून दिले आहे. धर्मानुसार आपण मोजले. जातीनुसार मोजायचे म्हटले की मात्र हात आखडतो. कुणाचे निदान कोणत्या टप्प्यावर होते, हे जातीनुसार सांगणारा तक्ता आपल्या नोंदणी अहवालांत मी पाहिलेला नाही. इथल्या वर्णाच्या रकान्यांवर मी तावातावाने बोलते तेव्हा हे मला आठवते, आणि मी बोलायची थांबत नाही.

माझा एक चुलत भाऊ फोनवर नेहमी विचारतो की तिथल्या काळ्यांच्या आणि व्हिएतनाम्यांच्या आजारांचे हिशेब ठेवण्यापेक्षा इकडे येऊन आपल्या लोकांचे का ठेवत नाहीस. मी त्याला सांगते की पद्धती सगळीकडे एकच असतात, इथे शिकलेले तिथेही उपयोगी पडते. पगाराचा उल्लेख तोही करत नाही आणि मीही करत नाही.

शिवाय इथलाही हिशेब किती दिवस चालेल, याची आता खात्री राहिलेली नाही. २०२४ च्या मार्चमध्ये सरकारने वर्गवारी सुधारली आणि आशियाई गटाखाली भारतीय, चिनी, व्हिएतनामी असे तपशील गोळा करण्याचा नियम केला, म्हणजे माझ्या तक्रारीवर उपाय कागदावर आला. २०२५ मध्ये आरोग्य विषमतेवरील कितीतरी संशोधनांची अनुदाने अध्येमध्येच रद्द झाली, आणि २००० सालच्या कायद्याने केंद्र म्हणून उभी राहिलेली व २०१० साली पूर्ण दर्जा मिळालेली राष्ट्रीय अल्पसंख्याक आरोग्य संस्थाच बंद करण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पात आला. रकाना फुटायला आणि रकाना मोजणाऱ्यांचा पैसा आटायला एकच मुहूर्त लागला.

आमचा अभ्यास तूर्त तगून आहे. प्रश्नावलीत मिश्री, गुटखा, तंबाखूचे पान आणि साधी सुपारी असे चार पर्याय आता आले आहेत. भाषांतराचा खर्च फक्त हिंदी, गुजराती आणि पंजाबीसाठी मंजूर झाला. मराठी मी फुकट करून देते म्हटले, तर नीतिसमितीने कळवले की प्रमाणित भाषांतरकाराचेच भाषांतर ग्राह्य धरले जाईल आणि संशोधन गटातील व्यक्तीला ते करता येणार नाही. नियम योग्यच आहे, संमतीपत्रात एका शब्दाची चूक काय करू शकते हे टस्कीगीनंतर इथे कुणाला शिकवावे लागत नाही. तोवर मिश्रीचा प्रश्न मराठी आजीबाईंना हिंदीतून विचारला जाईल.