रस्त्याकडेची रानफुलं, वर्ष दुसरं: तरवड तगला, कळलावी परत आली

मागच्या वर्षी पोळा झाला आणि गावापासून तुळजापूर रस्त्याच्या फाट्यापर्यंतची साईडपट्टी यंत्रानं एका दिवसात खरवडून निघाली. तरवडाला नुकत्या कळ्या धरत होत्या, कळलावीची वेल तर ऐन फुलात होती. संध्याकाळी तिथं गेलो तेव्हा उचलून ठेवायला एक बीसुद्धा उरलं नव्हतं. फार लागलं मनाला.

यंदा बियांपासून सुरुवात केली. ओढ्याकाठी वाचलेल्या तरवडाच्या वाळक्या शेंगा हिवाळ्यातच गोळा केल्या होत्या. बी फार टणक. तसंच टाकलं तर कधी उगवेल नेम नाही. म्हणून शाळेच्या पोरांनी खरखरीत दगडावर हलकं घासलं, रात्रभर पाण्यात ठेवलं आणि सकाळी फुगलेलं तेवढं निवडून पहिल्या पावसात टोकलं. काळ्या मातीत बरंच कुजलं, मुरमाच्या उतारावर मात्र छान आलं. तरवडाला पाणी साचलेलं चालतच नाही.

गाजरगवत फुलायच्या आत, ओल असतानाच उपटलं. हातमोजे घालूनच, नाहीतर अंगाला खाज सुटते. मोकळ्या झालेल्या जागी लगेच तरोटा बी फेकून पेरला. तो दाट आला की गाजरगवताला पाय ठेवायला जागा देत नाही, वर कोवळ्या पाल्याची भाजी होते. (तरोटा आणि तरवड यांत नवख्यांची गल्लत होते: तरवड झुडूप आहे, तरोटा पावसाळ्यापुरता.)

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मागणी मांडली: वळणं आणि पुलाजवळची जागा हवी तर साफ करा, बाकीची कापणी बी पडल्यावर, संक्रांतीनंतर. मी फुलपाखरं, मधमाश्या सगळं सांगून पाहिलं. पण ठराव झाला तो बचत गटातल्या एका मावशींमुळं. त्या उठून म्हणाल्या, "घटाला तरवडाची माळ लागती. गेल्या साली इकतचा झेंडू आणावा लागला. तरवड ठिवा म्हनावं." यंदा नवरात्रात बायकांनी माळा केल्या, पण प्रत्येक झुडपावर बियांसाठी फुलं राखून.

आणि कळलावी! खरवडलेल्या त्याच जागी जूनमध्ये तीन कोंब वर आले. जमिनीखालचा कंद वाचला होता. पानाचं टोक वेटोळं करून तिनं बोरीची फांदी धरली, फूल आधी हिरवट पिवळं, मग कडेनं पेटत जावं तसं लाल. कंद जहाल विषारी, तरी औषधासाठी उकरून विकला जातो. म्हणून जागा इथं सांगत नाही.

आता शेंगा वाळायची वाट पाहतोय. एका झुडपाच्या निम्म्याहून कमीच तोडणार. जमिनीलगत पसरणाऱ्या, निळ्या फुलांच्या विष्णुक्रांतेचं बी मात्र अजून साधलं नाही, पिकल्यावर कधी सांडतं तेच कळत नाही. कुणी जमवलं असेल तर कसं ते जरूर सांगा.