साईडकार अपडेट: डाव्या वळणाचं भूत सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ना, माझ्या बाईकच्या डाव्या बाजूला जोडलेल्या साईडकारचं (एका चाकाच्या डब्याचं), तेच ८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, डावं वळण, आणि साईडकारचं चाक कधी ताशी २१ किमीला जमिनीवरून उचलतंय तर कधी १९ लाच. कारण टायर नाही, सस्पेन्शन नाही, लीन-आऊट (बाईकचा साईडकारपासून बाहेरच्या बाजूला असलेला किंचित कल) तर अजिबातच नाही. टो-इन (साईडकारचं चाक पुढून बाईककडे किती वळलंय ते) तीनदा मोजला, दोन रविवार त्यातच गेले.

शेवटी वैतागून मोबाईल साईडकारच्या आत चिकटवला आणि शूट केलं. बघतो तर चाक दाबून धरायला आत ठेवलेलं ३० किलोचं वाळूचं पोतं डाव्या वळणात गुपचूप सरकत बाईककडे येतंय!! म्हणजे वजन बाहेरच्या कडेला हवं तेव्हाच नेमकं ते पळ काढतंय. बंजी कॉर्डने (हुकवाल्या रबरी दोरीने) बांधलं होतं, ती ताणली जाते, माझा तिच्यावर आता काडीचा विश्वास नाही. रॅचेट स्ट्रॅप (खटक्याने आवळायचा न ताणणारा पट्टा) घ्या, बाकी काही घेऊ नका.

पोतं तळाशी, बाहेरच्या कडेला आवळलं आणि परत मोजलं. रिकामी साईडकार १७ ला उचलते, पोतं बाईककडे असलं की १९, कडेला पक्कं असलं की २१, दहापैकी दहा वेळा. (दहाव्या वेळी एकटाच मैदानात ओरडलो.) फरक फक्त ४ चा वाटतो, पण वळणात बाहेर ढकलणारा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चाक उचलण्याआधी गाडी आता रिकामीच्या जवळपास दीडपट जोर झेलतेय.

पण भीती गेली नाहीये. तीन चाकं जमिनीवर असताना हँडल वळवाल तिकडे गाडी जाते, चाक हवेत गेलं की ती परत दुचाकी होते आणि काउंटरस्टीअरिंग (झुकवायचं त्याच्या उलट बाजूला हँडल वळवणं) चालू, आणि माझे हात त्या अर्ध्या सेकंदात पार गोंधळतात. चाक खाली आणायला हँडल उजवीकडे सोडावं लागतं, वळण रुंद होतं, आणि रस्त्यावर तिथे समोरून येणारी गाडी असते. म्हणून आता एकच, स्पीड वळणाच्या आधीच कमी करायचा, अंग साईडकारकडे झुकवायचं आणि आत शिरल्यावर हलका थ्रॉटल चालू ठेवायचा, थ्रॉटलला गाडी तशीही साईडकारकडेच ओढते. डाव्या वळणात मध्येच थ्रॉटल सोडला की नाक उजवीकडे जातं, हे दोनदा अनुभवलंय, तिसऱ्यांदा नको.

ट्रॅक (बाईक आणि साईडकारच्या चाकांमधलं आडवं अंतर) वाढवायला नवीन ब्रॅकेट कापणार होतो, ते तूर्त थांबवलं. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, पोत्याऐवजी फ्लोअरखाली लोखंडी पट्ट्या बोल्ट केल्या तर? वजन खाली पण आणि बाहेर पण. फक्त आत माणूस बसला की स्प्रिंग पार दबेल, म्हणजे पट्ट्या झटपट काढता यायला हव्यात, मग विंगनट (हाताने फिरवायचे पंखवाले नट), पण विंगनट हादऱ्याने सुटतात... डबल नट? कोणी असं केलं असेल तर फोटो टाका.

हँडलचा वॉबल (डावी-उजवी थरथर) अजून तसाच आहे, ती दाबणाऱ्या डॅम्परचं पुढच्या वेळी.