बॅटरी ॲप खातं की रेंज?

फोन खिशात टाकण्याआधी उघडी ॲप एकेक करून वर सरकवायची, शेवटी ‘क्लिअर ऑल’ दाबायचं आणि बॅटरी वाचली म्हणायचं. ही सवय रत्नागिरीच्या एसटी स्टँडपासून हर्णैच्या बंदरापर्यंत सगळीकडे दिसते. त्याने बॅटरी वाचत नाही. झालीच तर थोडी जास्त जाते.

त्या यादीत दिसणारं ॲप चालू असतंच असं नाही. अलीकडे तुम्ही काय काय उघडलंत याची ती नोंद आहे. परवा उघडलेलं ॲप तिथे दिसतं, पण मेमरीतून ते कधीच गेलेलं असू शकतं. जे मेमरीत आहे तेही बहुतेक वेळा गोठवलेलं असतं; जागा अडवतं, प्रोसेसर वापरत नाही. आणि ही मेमरी, म्हणजे रॅम, भरलेली असो की रिकामी, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच.

रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवला की सकाळी एका फुंकरीत जाळ होतो. मेमरीत थांबलेलं ॲप तसं असतं. ते सरकवून टाकलंत की पुढच्या वेळी सगळं स्टोरेजमधून पुन्हा वाचावं लागतं, सर्व्हरशी पुन्हा बोलावं लागतं आणि तेवढे काही सेकंद प्रोसेसर जोरात चालतो. दिवसातून पन्नासदा व्हॉट्सॲप उघडणारा माणूस ते पन्नासदा बंद करत असेल तर तो चूल पन्नासदा नव्याने पेटवतोय.

मार्च 2016 मध्ये एका ग्राहकाने ॲपलला विचारलं होतं: तुम्ही स्वतः ॲप सारखी बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांनी दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ असं उत्तर दिलं. त्याच सुमारास अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर यांनीही हेच सांगितलं. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, फोन पडून असला की ॲपची कामं थांबवून ती ठरावीक वेळी एकदम उरकली जातात. अँड्रॉइड 7 मध्ये त्यातला काही भाग फोन खिशात हलत असतानाही लागू झाला. अँड्रॉइड 9 पासून क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपला मागे काम करायची संधीच कमी मिळते.

तरी काही ॲप बॅटरी खातातच, आणि ती बंद करायलाच हवीत. नकाशा रस्ता सांगत असेल तर पोचल्यावर तो प्रवास संपवा. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी दिलं असेल तर त्या चॅटमध्ये जाऊन थांबवा. ॲप सरकवून ते थांबेल या भरवशावर राहू नका. हॉटस्पॉट विसरून चालू राहणं हे तर घराघरातलं.

नेमकं कोण खातंय ते सेटिंगमध्ये बॅटरी यूसेजच्या यादीत दिसतं. तिथे टक्क्यांपेक्षा वेळ बघा. पडद्यावर दहा मिनिटं आणि बॅकग्राउंडला पाच तास, असं ॲप सापडलं आणि ते गाण्याचं किंवा नकाशाचं नसेल, तर त्याच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ निवडा. एकदा केलं की पुरे, रोज सरकवायला नको. ‘फोर्स स्टॉप’ मात्र जपून. त्याने त्या ॲपची ठरलेली कामंही रद्द होतात आणि ते पुन्हा उघडेपर्यंत मेसेज येत नाहीत. गजराचं ॲप असेल तर सकाळी गजर वाजणार नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये नुसतं सरकवलं तरी असंच होतं. तिथे बँकेच्या ॲपच्या सूचना का येत नाहीत याचं उत्तर बहुधा ‘ऑटोस्टार्ट’ (ॲपला आपोआप सुरू व्हायची परवानगी) बंद असण्यात सापडतं.

आता कोकणातली खरी गोष्ट. इथे बॅटरी जाते ती रेंजपायी.

फोन टॉवरशी बोलताना अंतराप्रमाणे आवाज चढवतो. टॉवर जवळ असेल तर अगदी थोड्या वीजेत भागतं, लांब असेल तर 4जीवर साधा फोन 200 मिलिवॅटपर्यंत जोर लावतो, आणि त्यासाठी बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. आपली वाडी खाली खोऱ्यात, टॉवर पलीकडच्या सड्यावर, मध्ये डोंगर. शून्य रेंज तर आणखी वाईट, कारण फोन एकामागून एक सगळे बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, धुंडाळत राहतो.

सर्वांत जास्त फटका दोन सिमवाल्यांना बसतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचं एक सिम गावात पकडतं, दुसऱ्याला काडीही येत नाही, आणि ते दुसरं रात्रंदिवस टॉवर शोधत बसतं. सेटिंगमधल्या सिमच्या पानावर जाऊन तेवढं सिम बंद करा, परतीच्या गाडीत चालू करा. त्यावर ओटीपी येणार असेल तर तेवढ्यापुरतं चालू. 5जी येऊन-जाऊन असेल तिथे प्रेफर्ड नेटवर्क 4जीवर आणा. घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू ठेवा. रेंज किती आहे हे काड्यांवरून नीट कळत नाही. अबाउट फोनमध्ये सिम स्टेटस उघडलंत की डीबीएममध्ये (dBm, सिग्नल मोजायचं एकक) आकडा दिसतो. 4जीवर उणे 90 च्या आसपास चांगली, उणे 110 च्या खाली गेली की बॅटरीचं काही खरं नाही.

कोकण रेल्वेत हेच पळतं चित्र दिसतं. रोहा ते ठोकूर 741 किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. प्रत्येक बोगद्याला एअरप्लेन मोड करत बसायचं काही कारण नाही. बघायचं ते पनवेलच्या आधी डाउनलोड करून घ्या आणि झोपताना सरळ एअरप्लेन मोड लावा. गाडी कुठे आली ते ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप टॉवरवरून सांगतं, त्यामुळे तेव्हा मात्र सिम चालू हवं. खिडकीपाशी असाल तर एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं.

उन्हाचं थोडक्यात: मे महिन्यात दुचाकीच्या हँडलला फोन लावून नकाशा चालवलात की पडदा पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू आणि वर ऊन. तापलेला फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नव्हे. सावलीत घ्या, कव्हर काढा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आपल्या दमट हवेत बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

कुणाला पटत नसेल तर घरी मोजून बघता येतं. तीन रात्री सगळी ॲप सरकवून, तीन रात्री तशीच ठेवून, अकरा ते सहा फोन एकाच जागी, तेच सिम, तेच वाय-फाय. दोन्ही वेळा टक्के लिहून ठेवा. 5000 एमएएचच्या (बॅटरीत किती मावतं ते मोजायचं एकक) बॅटरीत एक टक्का म्हणजे 50 एमएएच. मग तीन रात्री एअरप्लेन मोडमध्ये, वाय-फाय तेवढं चालू ठेवून मोजा. रेंज खाते किती, ते आधीचे आकडे आणि हे शेवटचे तीन यांच्या फरकात दिसेल.

पावसात लाइट गेली की हा हिशोब कामाला येतो. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा वेळी बॅटरी सेव्हर लावा, नको ते सिम बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ठरलेल्या वेळीच रेंजवर आणा. घरच्यांना ती वेळ आधी सांगून ठेवा. आणि 10000 एमएएचच्या पॉवर बँकेतून 5000 चा फोन दोनदा भरेल असं धरू नका. आतला सेल 3.7 व्होल्टचा, बाहेर 5 व्होल्ट, त्यात उष्णतेत जाणारं वेगळं. फोन साधारण सव्वा ते दीड वेळा भरतो.