जाम झालेला बोल्ट आणि पाइप लावून मारलेला जोर

कोकणात समुद्राच्या वाऱ्यात चार-पाच पावसाळे काढलेल्या बाइकचा सायलेन्सर उतरवायचा म्हटलं की सगळा खेळ इंजिनच्या हेडजवळच्या त्या दोन दहा नंबरच्या नटांवर येऊन थांबतो. नट ज्यावर बसतो तो स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, असतो सहा एमएमचा, म्हणजे मुळात दहा-बारा न्यूटन मीटर इतक्या हलक्या पिळाने आवळायची वस्तू, आणि लोक पान्याला हातभर पाइप लावून त्यावर लोंबकळतात, मग तो तुटणारच ना! माझं म्हणणं एवढंच आहे की बोल्ट हलत नाही म्हटल्यावर जोर वाढवायच्या आधी तो कशाने अडकलाय ते बघा, कारण प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

गंज असेल तर तो आट्यांमधली फट भरून टाकतो कारण लोखंड गंजलं की जास्त जागा व्यापतं, त्यामुळे तेल आत झिरपायला वेळ द्यावाच लागतो. वायर ब्रशने दिसणारे आटे घासायचे, पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे, रात्रभर ठेवायचं, सकाळी परत मारायचं. सगळीकडे मिळतं ते डब्ल्यूडी-४० मुळात १९५३ साली पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलेलं, हलक्या गंजावर ठीक आहे पण जुनाट जाम झालेल्यासाठी खास गंज सोडवणारं तेल घ्या.

आणि पाना लावल्यावर आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबून बघा, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण गंजाची पकड मोडते ती कुठल्याही दिशेने मोडते. सुटताना एकदम ‘कट्’ असा आवाज येतो आणि मग कुरकुरत फिरायला लागतो, तिथे खूश होऊन सरळ फिरवत सुटू नका, पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत तेल. याउलट पाना रबरासारखा मऊ फिरतोय आणि नट स्टडवरून सुटत नाहीये असं हाताला लागलं तर लगेच थांबा, स्टड पिळतोय तो.

अॅल्युमिनियममध्ये बसलेला लोखंडी बोल्ट हा वेगळा प्रकार. कडेने पांढरी भुकटी दिसली की समजायचं, दोन धातू आणि खारट ओल एकत्र आली की हे होतंच. इथे गरम करणं सगळ्यात कामाचं कारण अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून हीट गन बोल्टवर न धरता आजूबाजूच्या केसिंगवर धरायची. पेट्रोलची टाकी, पाइप, स्प्रेचे डबे आधी लांब ठेवा, आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेला तर अजिबात गरम करू नका, काही क्लीनरमधून विषारी वायू तयार होतो. ब्रेक डिस्कचे बोल्ट बहुतेक लॉकिंग लिक्विड, म्हणजे आट्यांत वाळून घट्ट पकडणारा डिंक, लावलेले असतात, तिथे तेल कितीही ओता, उपयोग नाही, त्यातला लाल रंगाचा कडक प्रकार सोडवायला उष्णताच लागते.

आता डोकं झिजलेले स्क्रू. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे ते दोन! जपानी घराण्याच्या गाड्यांवर हे बरेचदा जेआयएस, म्हणजे जपानी मापाच्या अधिक-चिन्हासारख्या खाचेचे असतात, डोक्यावर बारीक ठिपका दिसतो, आणि साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर चढून खाच खाऊन टाकतो. योग्य टोकाचा ड्रायव्हर घ्या, वरून दाबून धरा, नाहीच तर इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे वरून हातोडी मारली की स्क्रू दाबून फिरवणारा, पण तो इंजिनच्या कव्हरवर वापरा, हँडलवरच्या नाजूक डबीवर जपून. नट असेल तर बारा कोनी रिंग न लावता सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा, कोपरे वाचतात.

बोल्ट तुटलाच तर इझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टात भोक पाडून उलटा फिरवायचा आट्यांचा खिळा, हा पहिला उपाय समजू नका. तो अतिशय कडक असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने निघतच नाही. थोडा भाग वर असेल तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नट वेल्ड करून घ्या, त्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. पार आत तुटला असेल तर गाडी लेथवाल्याकडे न्या, तो मधोमध ड्रिल मारून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवून देतो.

परत बसवताना नवे नट घ्या, सायलेन्सरच्या स्टडला कॉपर ग्रीस लावा आणि ग्रीस लावलंय म्हणून थोडा कमी आवळा. डिस्कच्या बोल्टला मात्र ग्रीस बिलकुल नाही, तिथे कंपनीने सांगितलेलं लॉकिंग लिक्विडच.