स्टुलाची उंची

व्हिएतनाममधल्या हनोईतल्या त्या निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलाची उंची वीत-सव्वा वीत असेल. माझ्या गुडघ्यांचं वय त्रेपन्न. या दोन आकड्यांचं जमणार नाही, हे खरं तर लांबूनच कळायला हवं होतं. पण सकाळचे साडेसहा वाजले होते, फुटपाथवर ठेवलेल्या भल्यामोठ्या पातेल्यातून चक्रीफूल आणि दालचिनीच्या वासाची वाफ निघत होती आणि पोटात कावळे ओरडत होते. मी बसले. बसले म्हणण्यापेक्षा खाली पोचले.

त्या फोची, म्हणजे तिथल्या रश्श्यातल्या शेवयांची, चव कशी होती असं कुणी विचारलं, तर मी "अप्रतिम" म्हणते. खोटं नाही ते. कोंबडीचा नितळ रस्सा, तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वरून पिळलेलं लिंबू. पण हे वर्णन कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. माझं स्वतःचं म्हणून जे आठवतं ते वेगळंच आहे. हनुवटीला टेकायला आलेले गुडघे. शेजारी हेल्मेट मांडीवर ठेवून खाणाऱ्या माणसाचं माझ्या फासळीत रुतलेलं कोपर. आणि वाडगा रिकामा झाल्यावर पडलेला प्रश्न, की आता उठायचं कसं? शेवटी ताईनं एक हात धरला आणि दुसरा त्या हेल्मेटवाल्यानं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गुडघे मात्र तिचे चांगले. कुठेही जायचं ठरलं की तिची यादी तयार असते: कुठे काय खायचं, टेबल किती आठवडे आधी राखून ठेवायचं. अशा एका नावाजलेल्या ठिकाणी आम्ही जेवलोसुद्धा. सात पदार्थ, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, पाठीला उशी. खुर्ची इतकी आरामाची होती, की त्या संध्याकाळचं मला काहीएक आठवत नाही. ताईला मेनू पाठ आहे, पण तिच्याकडे फोटो आहेत, तो पुरावा मी धरत नाही.

माझी आठवण बहुधा जिभेत नसून कंबरेखाली कुठेतरी साठत असावी. परदेशातलं कुठलंही जेवण आठवायला गेले, की आधी बैठक आठवते आणि मग तिच्या मागून चव येते, आली तर. हनोईतल्या एका खाणावळीनं तर हे काचेतच ठेवलंय. मे 2016 मध्ये तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा आणि टीव्हीवर खाद्यभ्रमंतीचे कार्यक्रम करणारा अँथनी बोर्डेन तिथे बुन चा, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया, खाऊन गेले. बिल झालं सहा डॉलर, ते बोर्डेननं दिलं. पुढे मालकांनी ते टेबल आणि ती स्टुलं काचेच्या पेटीत बंद केली. मला ते फार पटलं. डुकराचं मांस निखाऱ्यावर रोज भाजता येतं, अमेरिकेचा अध्यक्ष पाठ नसलेल्या स्टुलावर रोज कुठे बसतो?

सिंगापूरला मात्र बसण्यावरून आमची शोभा झाली. मॅक्सवेल फूड सेंटर, दुपारची साडेबाराची वेळ, आजूबाजूची सगळी ऑफिसं एकदम रिकामी झालेली. हातात चिकन राइसचे ट्रे घेऊन आम्ही दोघी जागा शोधत फिरतोय. तेवढ्यात ताईला एक चौघांचं अख्खं टेबल मोकळं दिसलं. वर मधोमध टिश्यूचं छोटं पाकीट.

"बघ, किती काळजी घेतात! टेबलाटेबलावर टिश्यू ठेवलेत."

तिनं पाकीट फोडलं. टेबल पुसलं, हात पुसले, दोन मला दिले, आणि तिखट लागल्यावर एक नाकालाही लावला. पाच मिनिटांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी शेवयांचा वाडगा घेऊन आली. आमच्याकडे बघितलं, मग त्या केविलवाण्या पाकिटाकडे. "नेव्हर माइंड आंटी, शेअर लाह," म्हणाली आणि समोर बसली. मग तिनंच सांगितलं, की याला इथे "चोप" म्हणतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून खुशाल रांगेत जायचं, जागा तुमची. कुणी हात लावत नाही. म्हणजे आत्तापर्यंत लावला नव्हता. ताईनं कुणाचं तरी आरक्षण नाक पुसायला वापरलं होतं.

जागेची इतकी ओढाताण असायला कारणही आहे. मॅक्सवेलसारखी ही हॉकर सेंटर्स म्हणजे एकेकाळचे रस्त्यावरचे फेरीवाले. साठच्या दशकाच्या अखेरीपासून सरकारनं त्यांना छपराखाली आणलं, नळ दिले, सांडपाण्याची सोय केली. चव रस्त्यावरची राहिली, भाव बेताचे राहिले, मग सगळं शहर तिथेच जेवायला येणार. 2020 साली युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. टिश्यूच्या पाकिटाचा त्यात वेगळा उल्लेख आहे का ते माहीत नाही, असायला हवा. निघताना ताईनं प्रायश्चित्त म्हणून त्या मुलीचाही ट्रे रॅकवर नेऊन ठेवला. त्यात अर्थात पुण्य फारसं नव्हतं. 2021 पासून टेबल न आवरता उठणाऱ्याला तिथे दंड होऊ शकतो.

इटलीत बसण्याला भाडं असतं. तिथे कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात आणि दरपत्रकावर पुष्कळदा दोन रकाने असतात, काउंटरवर उभं राहून प्यायचा दर वेगळा, टेबलाचा वेगळा. हे आम्हाला व्हेनिसला कळलं, तेही सेंट मार्कच्या चौकात, म्हणजे जिथे कळायला नको तिथेच. पाय भरून आले होते, समोर खुर्च्या होत्या, चार वादक काहीतरी गोड वाजवत होते. बिलात कॉफीखाली आणखी एक ओळ होती. संगीताचे पैसे.

"गाणं कुणी मागवलं होतं?" ताईनं मला मराठीत विचारलं, जणू मीच फर्माईश केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतल्या एका बारमध्ये आम्ही उभ्यानं प्यायलो. दीड युरोच्या आत काम झालं. शेजारचा माणूस आला, तीन घोटांत कप रिकामा केला, नाणं ठेवलं, गेला. पुरता मिनिटही थांबला नसेल. मला वाटलं होतं, उभं राहून पिणं म्हणजे काटकसर. पण त्या संगमरवरी काउंटरवर कोपर टेकून मलाही दोन मिनिटं त्याच गल्लीत राहत असल्यासारखं वाटलं. चौकातल्या महागड्या खुर्चीत मी निव्वळ पर्यटक होते.

जपानला स्टेशनवरच्या सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या शेवयांच्या, दुकानात तर खुर्चीचा प्रश्नच नव्हता. दाराशी यंत्र, त्यात नाणी टाकून चित्राचं बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी काउंटरवर ठेवायची, की दोन मिनिटांत वाफाळता वाडगा पुढ्यात. सगळे उभे, सगळे फुर्रकन आवाज करत शेवया ओढताहेत. तसा आवाज करायला तिथे कुणाची हरकत नसते. चटके बसत होते, तरी मी जमेल तेवढा आवाज केला. ताईनं नाही केला, म्हणून तिचं अर्धंच खाऊन झालं आणि गाडी आली.

गंमत म्हणजे बसलेल्या गिऱ्हाइकाला जागेवरून हलूच द्यायचं नाही, ही युक्तीही त्याच देशाची. योशिआकी शिराइशी नावाच्या ओसाकाच्या दुकानदाराकडे वाढायला माणसं कमी होती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्याला कल्पना सुचली, आणि 1958 साली सुशीच्या बशा गिऱ्हाइकासमोरून फिरायला लागल्या. आम्ही अशा ठिकाणीही गेलो. बसायला छान होतं, म्हणून फारसं आठवत नाही.

इस्तंबूलला उलट. एमिनोनूच्या धक्क्यावर आम्ही ठेंगण्या स्टुलांवर स्थिर, आणि मासे भाजणारा लाटांवर डुलणाऱ्या नावेत. पावाच्या लादीत मासा, कांदा, वर लिंबू. नाव खाली गेली की त्याचा हात खाली जायचा आणि आम्ही पाव घ्यायला वाकायचो. शेजारी लोणच्याचं गुलाबी पाणी पेल्यातून विकत होते. ते ताईच्या यादीत नव्हतं, तरी तिनं दोन पेले प्यायले.

हनोईला आम्ही त्या फोवाल्या बाईंकडे दुसऱ्या दिवशीही गेलो. दुसरीकडे जाऊ म्हणून ताईनं खूप सांगितलं, "अगं, रोज कोण उठवणार तुला?" आम्हाला येताना पाहून बाईंनी पळी पातेल्यात ठेवली, मागे गेल्या आणि तीन स्टुलं एकात एक रचून माझ्यासाठी आणली. वरून एकदा थापटून दाखवली. मी बसले, चक्क माणसासारखी. फक्त टेबल आता फार खाली गेलं होतं. तिथलं टेबल म्हणजे तरी काय, जरा मोठं स्टूलच. मग वाडगा हातात घेऊन, सगळ्या फुटपाथच्या वर डोकं काढून, मी सिंहासनावर बसल्यासारखी फो खाल्ली. कालचा हेल्मेटवाला खालून बघत होता. त्यानं अंगठा दाखवला आणि परत वाडग्यात तोंड घातलं.