ॲथलॉनच्या डोक्यावरचं ते छोटं कार्ड

स्लॉट ए वाला ॲथलॉन, म्हणजे मदरबोर्डात कार्डासारखा उभा बसणारा एएमडीचा प्रोसेसर, १९९९ चा, ज्यांनी वापरला त्यांनाच कळेल मी काय म्हणतोय ते. माझा ५५० मेगाहर्ट्झचा होता. मल्टिप्लायर, म्हणजे बोर्डाच्या मूळ वेगाला (बसला) ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो, बोर्डावरून बदलता यायचा नाही, पण काळं प्लास्टिकचं कव्हर स्क्रूड्रायव्हरने जपून उचकटलं, कट्ट कन आवाज येतो, काळजात धस्स होतं, की आत सर्किटच्या वरच्या काठावर सोनेरी पट्ट्यांची रांग दिसते. त्यावर एक छोटं कार्ड बसवायचं, गोल्डफिंगर म्हणायचे त्याला, अन् त्यावरच्या बारक्या स्विचांनी मल्टिप्लायर आणि कोअर व्होल्टेज (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज) दोन्ही आपल्या हातात!

बस १०० मेगाहर्ट्झचीच राहते, म्हणून पीसीआय कार्डं (साउंड, मोडेम वगैरे), रॅम यांना काही त्रास नाही, हेच मला सगळ्यात आवडायचं. मल्टिप्लायर ५.५ चा ६.५ केला, १.६ व्होल्टवरच ६५० आरामात चालला. ७ वर विंडोज सुरू होताना अडकायचं, मग १.७ व्होल्ट दिले तेव्हा कुठं ७०० टिकला.

पण आपलं नागपूर भाऊ, मे महिना, बाहेर ४५ डिग्री! दुपारी मशीन हँग, रात्री एकदम मस्त. कूलरसमोर ठेवायचा मोह होतो पण तो दमट वारा बोर्डाला नकोच. मी कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून सीताबर्डीतून आणलेला जादा पंखा हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, रोखला आणि उन्हाळाभर ६५० वरच राहिलो. ७०० थेट दिवाळीनंतर.