दगडाची पुढची बाजू

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील अर्गाईल परगण्यात किलमार्टिन नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या सहा मैलांच्या परिघात साडेतीनशेहून अधिक जुने अवशेष पसरलेले असल्यामुळे तिथे दिशा न ठरवता चालत सुटले, तरी माणूस कुठल्या ना कुठल्या दगडापाशी जाऊन थांबतो. एका दुपारी मी नेदर लार्गीच्या कुरणात उभ्या केलेल्या दगडांसमोर अशीच थांबले आणि चपला काढाव्यात की नाही, या विचारात पडले. गवत ओले होते आणि मेंढ्यांच्या लेंड्या सर्वत्र पडलेल्या होत्या, त्यामुळे तो प्रश्न लवकर निकालात निघाला. नमस्काराचा प्रश्न मात्र तसा सुटेना, कारण नमस्कार समोरून करायचा असतो आणि या दगडांची समोरची बाजू कोणती, तेच कळत नव्हते.

हे दगड माणसापेक्षा बरेच उंच आहेत; दाराच्या फळीसारखे रुंद आणि पातळ. दोन्ही अंगांवर राखाडी-पिवळसर दगडफूल माजलेले आणि खालच्या भागात मेंढ्यांनी अंग घासून घासून आणलेली तुळतुळी. डोळे नाहीत, तोंड नाही, शेंदराचा ठिपका नाही. तीन हजारांहून अधिक वर्षे इतक्या ऐटीत उभ्या असलेल्या दगडाला कोणी साधी हळद लावू नये, याचे मला खरोखरच वाईट वाटले.

आमच्या आजोळी, नागपूरजवळच्या शेतात, धुऱ्यावर एक म्हसोबा होता. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेल्या शेंदराचे थर चढून तो मूळ आकाराच्या दुप्पट झाला असावा. एका उन्हाळ्यात ते सगळे कवच एकाएकी तडकले आणि गळून पडले. आत वीतभर उंचीचा, साधा काळा धोंडा होता. आम्ही पोरे हादरलो, कारण इतकी वर्षे ज्याला घाबरलो तो एवढासा निघाला होता. आजी मात्र जराही विचलित झाली नाही. तिने पळसाच्या पानावर शेंदूर कालवला, बोटांनी धोंड्याला नीट चोपडला आणि पदराच्या टोकाने पुसून घेतलेले चांदीचे डोळे मेणाने पुन्हा बसवले. ते बसवताना जागा थोडी सरकली. पूर्वी रस्त्याकडे पाहणारा म्हसोबा तेव्हापासून विहिरीकडे पाहू लागला. मी ते आजीच्या लक्षात आणून दिले, तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं. मोटारीचं पितळी कनेक्शन दोनदा चोरीला गेलं, आता विहिरीवर लक्ष राहील."

देवाची पुढची बाजू इतक्या सहजपणे ठरत असल्याचे पाहिलेल्या मुलीला किलमार्टिनमध्ये अवघडल्यासारखे होणे स्वाभाविक आहे. तिथले लोकही दगडांना स्वस्थ बसू देत नसत, हे खरे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर स्टेनेसजवळ आरपार भोक असलेली एक शिळा होती. प्रेमिक तिच्या दोन बाजूंना उभे राहून भोकातून हात धरत आणि आणाभाका घेत. ओडिनची शिळा म्हणून ती ओळखली जाई. पाहायला येणारे आपले शेत तुडवतात म्हणून वैतागलेल्या कुळाने 1814 मध्ये ती फोडून टाकली. ज्या दगडाच्या दोन्ही बाजू पुढच्याच होत्या, असा तो एक दगड. आणि नेमका तोच गेला.

नेदर लार्गीच्या दगडांना तोंड देण्याचा प्रयत्न ॲलेक्झांडर थॉम या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकानेही केला. त्याच्या मते हे दगड चंद्राकडे पाहत होते. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा सुमारे साडेअठरा वर्षांनी एका टोकाला पोहोचतात आणि तो क्षण टिपण्यासाठी ही मांडणी असावी, असा त्याचा तर्क. मला तो आवडतो, पण अर्गाईलचे आकाश पाहिल्यावर साडेअठरा वर्षे थांबून नेमक्या त्या रात्री ढग आलेल्या माणसाचीच मला अधिक काळजी वाटते.

मधल्या दगडाच्या रुंद अंगावर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. अंगठा टेकला तर आत बसेल एवढे लहान, काही थोडे मोठे, रांग अशी नाही. स्कॉटलंडमधील अशा खळग्यांवर 1867 मध्ये जेम्स यंग सिम्प्सन याने पुस्तक लिहिले. क्लोरोफॉर्म देऊन बाळंतपणातील वेदना कमी करणारा एडिंबरोचा डॉक्टर तो हाच. पुढे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांवर तसेच खळगे पाहिले आणि ते युरोपातील खळग्यांशी ताडून दोन्हीकडच्या माणसांचे काही नाते असावे का, असा विचार केला. जुनापाणीचे खळगे मात्र पुष्कळदा सरळ रांगेत, शिस्तीने कोरलेले आहेत, आणि ती वर्तुळे लोहयुगातील, म्हणजे स्कॉटलंडमधील बहुतेक खळग्यांहून बरीच अलीकडची. नात्याची गोष्ट मला पटत नाही. हातात गारगोटी आणि पुढ्यात सपाट दगड असला, की नात्यागोत्याशिवायही खळगा पडतो. आमच्या शाळेच्या ओट्यावर आम्हीच कितीतरी पाडले होते.

तरीही खळग्यांची बाजू हीच पुढची, असे मी अखेर ठरवून टाकले, तिथे उभी राहून हात जोडले आणि सगळे दगड उजव्या हाताला ठेवून एक फेरी घातली. अर्ध्या वाटेवर शंका आली, की खळगे मुद्दाम मागल्या अंगाला कोरले असतील तर? पण बॅलीमीनॉकचे दगड पाहायचे बाकी होते आणि पश्चिमेकडून पाऊस येत होता, म्हणून तो वाद मी तिथेच सोडला.